भोंग्याचा नमुना

अनुजा गेल्याचं मला दुपारी साडेबाराला कळलं. त्या मंगळवारी मी रत्नागिरीत होतो. कारखान्यातले दाबमापक दर सहा महिन्यांनी तपासून आणावे लागतात, ते काम माझ्याकडे. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी मी प्रमाणपत्रांवर शिक्के मारून घेत होतो, तेवढ्यात इस्माईल परकारचा फोन आला. परकार आमच्या कारखान्यात तीन नंबरच्या प्लांटवर फिल्ड ऑपरेटर आहे. तो फोनवर नेहमी ओरडून बोलतो. त्या दिवशी हळू बोलत होता.

"शिगवण, कुठे आहेस?"

"रत्नागिरीत. का रे?"

"गॅस झाला. तीन नंबरला."

"कोणाला काय झालं?"

तो म्हणाला, "वहिनींना चिपळूणला नेलंय. तू सरळ तिकडेच ये. कारखान्यात नको येऊस."

"शुद्धीवर आहे का?"

"तू ये."

"परकार, विचारतोय ते सांग."

"नाही रे," तो म्हणाला. "नाही राहिल्या."

मी उरलेल्या तीन प्रमाणपत्रांवर शिक्के मारून घेतले, पिशवी भरली आणि गाडीत बसलो. शिक्के का मारून घेतले ते मला आजही सांगता येणार नाही.

दवाखान्यात तिच्या वस्तू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दिल्या. ओळखपत्र, मंगळसूत्र, डोक्याची पट्टी आणि स्टीलचा मग. तो मग तिच्या हातातच होता असं तिथला शिपाई म्हणाला. मास्क नव्हता. तो कंट्रोल रूममध्ये तिच्या खुर्चीमागच्या खुंटीवर होता, हे परकारने सांगितलं. मास्क सोडून ती मग घेऊन बाहेर का पडली, हा प्रश्न मला तिथेच पडला. पण विचारायला ती जागा नव्हती.

मी विलास शिगवण. कोंडशेतच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. मोजणारी यंत्रं नीट मोजतात की नाही ते बघायचं, हे माझं काम. माझी बायको अनुजा तीन नंबरला पॅनल ऑपरेटर होती, अकरा वर्षं. आठ पडद्यांवर दोनशे आकडे, त्यांवर लक्ष ठेवायचं. तीन नंबरला हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की वास येणंच बंद होतं, नाक मरतं. म्हणून तिथे नाकावर भरवसा ठेवायचा नाही, भोंग्यावर ठेवायचा, असं पहिल्या दिवशी शिकवतात.

दीड वर्षापूर्वी पट्ट्या आल्या. कपाळाभोवती बसणारी, दोन बोटं रुंद. ऑपरेटरचं लक्ष कुठे आहे ते ती मोजते आणि लागेल तिथे डोक्याला मदत करते. पॅनलसमोर बारा तास बसणाऱ्या माणसाला दिवसात चारशे-पाचशे सूचना येतात. टुंग, टिंग, लाल दिवा, पिवळा दिवा. त्यातल्या कामाच्या दहा. बाकीच्यांना डोकं दचकत राहतं आणि खरी आली की थकलेलं असतं. पट्टीने ते सुधारलं, हे मी मान्य करतो. पहिल्या वर्षात आमच्याकडच्या चुका निम्म्यावर आल्या.

ती काम कसं करते ते मला डॉक्टर तांबवेकर बाईंनी नंतर समजावलं. त्या पुण्याच्या मेंदू संशोधन संस्थेतल्या. मला कळलं तसं लिहितो. आवाज कानातून मेंदूत गेला की दोन वाटांनी जातो. एक वाट लांबची. तिने गेला की हा कसला आवाज, कुठून आला, ते आपल्याला समजतं. दुसरी जवळची. ती अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाशी जाते. बदाम दोन असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. हा आवाज आपल्या जिवाशी संबंधित आहे का, एवढंच ते बघतात. आहे असं वाटलं तर सगळं लक्ष ओढून तिकडे वळवतात, छाती धडधडायला लागते, पाय उठतात. आवाज समजायच्या आधी हे झालेलं असतं.

कशाला घाबरायचं ते बदाम अनुभवातून शिकतात. कशाला घाबरायचं नाही तेही शिकतात. एखादा आवाज पुन्हा पुन्हा आला आणि काहीच वाईट झालं नाही, तर कपाळामागचा भाग बदामावर ब्रेक लावायला शिकतो. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर ब्रेक येतो. एरवी याला महिने लागतात. पट्टी ध्वनिलहरी नेमक्या त्या ब्रेकच्या जागी सोडते आणि चार दिवसांत ते करून देते. उलटा नमुना दिला तर लावलेला ब्रेक तेवढ्याच दिवसांत काढूनही टाकते. कोणत्या आवाजावर ब्रेक हवा त्याचा नमुना मात्र माणसाने द्यायचा. आमच्या कारखान्यात ते नमुने मी घेत होतो. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या खोलीत, नमुना ताडून बघायला मी स्वतःही पट्टी लावायचो.

आता भोंग्याचं. आमचा भोंगा जुना, मोटरचा. रोज सकाळी साडेदहाला त्याची चाचणी होते, एकसारखा सूर, अर्धा मिनिट. खरा गॅस झाला तर सूर वर-खाली, वर-खाली होत राहतो. हा फरक सगळ्यांना पाठ असतो. आणि आमच्याकडची रीत अशी की चाचणी झाली की चहा. कँटीनवाले किटल्या घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या शेडमध्ये येतात. घड्याळ कोणी बघत नाही. भोंगा वाजला की आपला मग उचलायचा आणि निघायचं. पंधरा-वीस वर्षांची सवय. नवीन माणसाला आम्ही सांगायचो, "भोंगा कळला नाही तरी चालेल, चहा कळला पाहिजे." सुरक्षा अधिकारी केळुसकर साहेबही हसायचे. त्यांचा मग सगळ्यात मोठा होता.

पट्टी आल्यावर एक त्रास सुरू झाला. लक्ष ताजं असल्यामुळे चाचणीचा भोंगा फार लागायला लागला. अनुजा एक दिवस शॉपमध्ये येऊन म्हणाली, "अहो, रोज सकाळी छातीत धस्स होतंय. चहा घेतल्याशिवाय आकड्यांकडे बघवत नाही. काहीतरी करा ना."

"केळुसकरांना सांग."

"त्यांना काय सांगू? तुमच्या हातात आहे ना ते? नमुना द्या आणि मोकळे व्हा."

इतर ऑपरेटरांचीही तीच तक्रार होती. केळुसकरांनी सही केली. मी दुसऱ्या दिवशी चाचणीच्या वेळी शॉपच्या दारात उभं राहून भोंगा रेकॉर्ड केला. पट्टीच्या पुस्तकात लिहिलं होतं की नमुन्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग कापून फक्त मधला स्थिर आवाज द्यावा. मी वाचलं होतं. अनुजा समोर दोन्ही मग घेऊन उभी होती. "चला हो, गार होतोय," म्हणाली. मी नमुना तसाच चढवला आणि तिच्याबरोबर गेलो. चार दिवसांनी भोंगा कोणालाच लागेनासा झाला. अनुजाने त्या रात्री मला बटाटेवडे करून घातले.

अपघात झाला त्या दिवशी गळती दहा वाजून बावीस मिनिटांनी झाली. चाचणीच्या आठ मिनिटं आधी.

तेराव्यानंतर दहा दिवसांनी कंपनीचा अहवाल आला. गेटजवळच्या फळ्यावर लावला होता. अनुजाच्या पट्टीतल्या नोंदीवरून भोंग्याचा आवाज तिच्या मेंदूपर्यंत पोचल्याचं सिद्ध होतं, असं लिहिलं होतं. तरीही तिने कंट्रोल रूममध्ये येणाऱ्या हवेची झडप बंद केली नाही, मास्क घेतला नाही आणि गळतीच्या बाजूने बाहेर पडली. खाली एक ओळ होती : ऑपरेटरने इशाऱ्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले.

माझी मुलगी गिरिजा कोल्हापूरला फिजिओथेरपी शिकते. ती तेव्हा घरी होती. फळ्याचा फोटो मी तिला दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"जाणूनबुजून?" ती म्हणाली. "गॅसची शेगडी बंद आहे का बघायला आई जिन्यातून परत यायची, बाबा. माझी बस चुकायची तिच्यापायी."

"हो."

"मग हे काय आहे?"

"माहीत नाही."

"तुम्ही तिथे एकोणीस वर्षं आहात आणि तुम्हाला माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी अहवाल खरा मानत नव्हतो, पण त्याला उत्तरही नव्हतं. आवाज पोचला होता, ती उठली होती, मास्क खुंटीवर होता. त्या दिवशी शेडकडे आणखी दोघे निघाले होते, पण ते वाऱ्याच्या वरच्या बाजूचे म्हणून वाचले. चाचणी लवकर झाली असं वाटलं, असं दोघांनीही सांगितलं. अहवालात ते नव्हतं. त्याच फळ्यावर खाली कोणीतरी पेनाने "चहाबाई" लिहिलं होतं. परकारने ते नखाने खरवडून काढलं.

त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. घास तोंडात घेतला की दवाखान्यातली ती खोली समोर यायची आणि घास तसाच राहायचा. महिन्यात नऊ किलो वजन उतरलं. गिरिजाने चौकशी करून डॉक्टर तांबवेकरांची वेळ घेतली. त्या महिन्यातून दोनदा चिपळूणला येतात.

डॉक्टर पन्नाशीच्या, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "आठवण काढली की ती तासाभरासाठी सैल होते. मग पुन्हा घट्ट बसते. त्या तासात आपण बदामाला शांत केलं, तर आठवण परत बसताना तिची धार कमी झालेली असते. चार बैठका लागतात. तुम्ही काहीही विसरणार नाही. तुमच्या बाई आठवतील, तो दिवस आठवेल. फक्त घास अडकणार नाही."

"आणि दुःख?"

"ते राहील. कमी राहील."

"किती कमी?"

"हे मला आधी सांगता येत नाही, शिगवण. खोटं नाही बोलणार."

गिरिजा म्हणाली, "पुढच्या गुरुवारपासून सुरू करा." मी मान डोलावली.

त्या सोमवारी अनुजाचं लॉकर रिकामं करायला मी कारखान्यात गेलो. परकार माझ्याबरोबर होता. लॉकरमध्ये एक स्वेटर, सुपारीची डबी आणि केसांच्या पिना होत्या. मी पिना रुमालात बांधत होतो आणि भोंगा वाजला. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, ते मला माहीत नव्हतं.

परकार भिंतीला चिकटला. त्याच्या कपाळावर घाम आला. "या भोंग्याच्या आयला," तो म्हणाला. "रोज जीव जातो."

मी उभा होतो. माझे खांदे खाली आले. श्वास मोकळा झाला. तोंडाला पाणी सुटलं आणि आल्याच्या चहाची चव जिभेवर आली. पाय दाराकडे वळलेसुद्धा. महिनाभरात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि हा तोच भोंगा होता.

"काय रे?" परकारने विचारलं. "हसतोयस काय?"

"मी हसतोय?"

"हो. आत्ता हसलास."

मी बाकावर बसलो. मग त्याला विचारलं, "तुला घाम का फुटतो? तुझ्यावरही तोच नमुना होता."

"काढला ना तो. तिसऱ्याच दिवशी. केळुसकरांनी सगळ्यांना ओळीत बसवलं, उलटा नमुना चढवला, चार दिवस रोज बसायचो. आता भोंगा वाजला की हात आधी मास्ककडे जातो. बेचाळीसच्या बेचाळीस जणांचा बदलला. शहाणा माणूस, पटकन केलं म्हणालो आम्ही."

"माझा नाही बदलला."

"तू सुतकात होतास. तुला कोण बोलावणार?"

शॉपमध्ये जाऊन मी जुना नमुना शोधला. काढून टाकलेल्या नोंदींत तो होता. कानाला लावून ऐकला. मोटरचा भोंगा एकदम सुरात येत नाही. आधी खालून वर चढतो, मग स्थिर होतो आणि बंद केला की वरून खाली उतरतो. मी चढ कापला नव्हता, उतार कापला नव्हता. म्हणजे वर जाणारा सूरही निर्धोक आणि खाली येणारा सूरही निर्धोक, असं मी त्या बेचाळीस डोक्यांना शिकवलं होतं. अनुजाच्याही आणि माझ्या स्वतःच्याही. खऱ्या इशाऱ्यात चढ आणि उताराशिवाय दुसरं काही नसतं.

अनुजाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. तिला तो चहाचा वाटला होता. वाटला हा शब्दही बरोबर नाही. वाटायच्या आधीच तिचे पाय उठले होते.

त्या दिवशी कँटीनमागच्या नळावर मी बराच वेळ तोंड धूत होतो. परकार टॉवेल घेऊन उभा होता.

गुरुवारी मी डॉक्टरांसमोर बसलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या बाईंच्या पट्टीत बदामाची नोंद नसणार?"

"नाही. पट्टी फक्त आवाज पोचला आणि लक्षाचा आकडा एवढंच ठेवते."

"आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यातलं बदलून टाकलंय."

"हो."

"म्हणजे बाईंच्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते दाखवणारं एकच डोकं उरलंय. तुमचं."

"दाखवता येईल?"

"येईल. आमचं मोठं यंत्र आणावं लागेल. पण मग आज उपचार सुरू करता येणार नाही. बाई गेल्याची आठवण आणि भोंगा तुमच्यात आता जोडले गेलेत. एक सैल केलं की दुसरंही हलणार. अर्धवट हललेला पुरावा कोणी मानणार नाही."

"सरकारी चौकशीची सुनावणी सहा आठवड्यांनी आहे."

"सहा आठवडे तुम्हाला असंच राहावं लागेल. आणि भोंगा ऐकायचा नाही. तो ऐकून तुम्ही रडलात, चिडलात, की तुमचा बदाम नवीन शिकायला लागेल. बाईंचा विचार करत भोंगा मनात वाजवायचा नाही."

"ते कसं करायचं?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कामात राहा."

बाहेर गिरिजा वाट बघत होती. "झाली पहिली बैठक?"

मी तिला रिक्षा स्टँडपाशीच सगळं सांगितलं. नमुन्याचंही. आईने मग हातात धरले होते आणि मी कापायचं सोडून गेलो, हेही. ती ऐकत राहिली. ती आईसारखी आहे, राग आला की आधी गप्प होते.

मग म्हणाली, "म्हणजे आईचं नाव साफ करायला तुम्हाला तुमचं घालवायचंय."

"माझं घालवायचं असं नाही. जे झालं ते सांगायचंय."

"आणि तोवर जेवायचं नाही? तुमचं वजन बघितलंय? आई गेली, आता तुम्ही पण जा. मी एकटी राहते, चालेल ना?"

"गिरिजा..."

"दोन मिनिटांचं काम होतं, बाबा. सुरुवात कापायची, शेवट कापायचा. मी मोबाइलवर करते ते."

संध्याकाळच्या बसने ती कोल्हापूरला गेली. बसमध्ये चढताना माझ्या हातात केळ्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, "ही तरी खा."

सहा आठवडे मी वसाहतीपासून दूर, धामापूरच्या बाजूला माझ्या मावसभावाच्या रोपवाटिकेत राहिलो. सकाळी साडेदहाला कुठे भोंगा ऐकू येऊ नये म्हणून. कलमं बांधत होतो. जेवणाचे हाल तसेच. मावसभाऊ म्हणायचा, "विलास, आंब्याचं कलम सहा आठवड्यांत धरतं, तुला जेवायला किती लागणार?" मी पेज प्यायला लागलो. घास नसतो तिला.

मन आवरत नव्हतं. कलम बांधताना अनुजा आठवायची. ती आठवली की मी मोठ्याने रोपं मोजायला लागायचो. तिच्या आठवणीपासून पळायचं ते तिच्याचसाठी, हे मला फार जड गेलं. एखाद्या नवऱ्याने एवढी शिस्त पाळू नये.

गिरिजाचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. "काय खाल्लं?" एवढंच विचारायची. मी सांगायचो. ती ठेवून द्यायची.

सुनावणी चिपळूणच्या सरकारी कार्यालयात झाली. चौकशी अधिकारी हुद्दार बाई. कंपनीकडून केळुसकर आणि एक वकील. मागे वीसेक खुर्च्या, त्यांत परकार आणि प्लांटवरचे काहीजण. शेवटच्या खुर्चीवर गिरिजा. ती येणार आहे हे तिने मला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून डोक्यावर टोप चढवला. भिंतीवर दोन रेषा दिसत होत्या. वरची ऐकण्याची, खालची बदामाची.

वकील म्हणाले, "माणूस ठरवून शांत बसू शकतो. याला काय अर्थ?"

डॉक्टर म्हणाल्या, "बदाम सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर देतो. तेवढ्या वेळात कोणाला ठरवता येत नाही. तुम्हाला बसायचंय का खुर्चीत? तुम्हाला भोंग्याची सवय नाही. फरक दिसेल."

वकील बसले नाहीत.

आधी काच फुटल्याचा आवाज लावला. दोन्ही रेषा उसळल्या. मग कुत्रा एकदम भुंकल्याचा. दोन्ही उसळल्या. मग न सांगता खरा इशारा. वर-खाली, वर-खाली.

मागच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. प्लांटवरचे तिघे उभे राहिले होते. परकारने कानांवर हात ठेवले होते. केळुसकरांचा हात प्लांटवर फिरताना मास्क असतो तिथे, कमरेकडे गेला होता.

वरची रेषा उसळली. खालची हलली नाही. नाडीचा आकडा ब्याऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर आला. माझे खांदे खाली आले. मला ते थांबवता आलं नाही. तोंडाला पाणी सुटलं आणि मी आवंढा गिळला. समोरच्या माइकमध्ये तो सगळ्यांना ऐकू गेला.

गिरिजा माझ्याकडे बघत होती. ज्या आवाजात तिची आई गेली तो ऐकून तिच्या बापाचा चेहरा निवांत झाला होता. मी मान खाली घालायला हवी होती. टोपामुळे घालता येत नव्हती.

हुद्दार बाईंनी भोंगा बंद करायला सांगितला. मग विचारलं, "शिगवण, तुमची पत्नी या अपघातात गेली हे तुम्हाला पूर्ण माहीत आहे?"

"हो बाई."

"आणि हा इशारा खऱ्या गळतीचा आहे, हे कळत होतं?"

"कळत होतं. थोड्या वेळाने."

"किती वेळाने?"

"आत्ता, टोप असताना, दोन-तीन सेकंदांनी. पण मला आधीच माहीत होतं की तुम्ही भोंगा लावणार. तिला माहीत नव्हतं."

त्यांनी लिहून घेतलं. "हा नमुना कोणी घेतला होता?"

केळुसकर म्हणाले, "ती तांत्रिक बाब आहे, विभागाने..."

"मी घेतला," मी म्हणालो. "कापायला हवा होता, कापला नाही. सूचना वाचली होती. मंजुरी साहेबांची होती, पण नमुना माझा. आणि भोंग्यावर चहा घ्यायची रीत आमची सगळ्यांची. माझ्या बायकोने काही जाणूनबुजून केलेलं नाही."

मला केळुसकरांचा राग आला नाही. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी बेचाळीस जणांचा नमुना बदलला. पुरावा लपवायला बदलला की माणसं वाचवायला, हे मला ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

बाहेर आल्यावर गिरिजा जिन्यात उभी होती. "बाबा, तुम्ही काय खाल्लंय सकाळपासून?"

"पेज."

"चला," ती म्हणाली. खानावळीत तिने माझ्यासाठी ताट मागवलं आणि मी किती खातो ते बघत समोर बसली. मी अर्धी भाकरी खाल्ली. नमुन्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. तिने मला माफ केलंय का ते मला माहीत नाही आणि विचारायचा धीर होत नाही.

निकाल महिन्याने आला. "जाणूनबुजून दुर्लक्ष" ही ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी लिहिलं की ऑपरेटरचा प्रतिसाद पट्टीच्या सदोष नमुन्यामुळे बदललेला होता. दोष माझ्यावर आणि केळुसकरांवर आला. आम्हा दोघांना कामावरून दूर केलं आहे. भोंग्यावर चहा बंद झाला. चहासाठी आता घंटा वाजवतात. परकारने नवा अहवाल फळ्यावर स्वतः लावला आणि फोटो पाठवला. फोटोखाली लिहिलं होतं, "वहिनींचं वाच."

डॉक्टर तांबवेकरांचा फोन आला. आता उपचार सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या. मी थोडे दिवस मागून घेतले. माझ्या डोक्यातली ही खूण दुसरीकडे दाखवावी लागेल, असं मला वाटत होतं.

आमच्या वसाहतीत आणि शेजारच्या दोन वसाहतींत मिळून मोटरचा भोंगा आणि ह्याच पट्ट्या असलेले आणखी सहा कारखाने आहेत. त्यांनीही चाचणीच्या भोंग्याचे नमुने चढवलेत. मी निकालाची प्रत घेऊन प्रत्येकाच्या गेटवर गेलो. दोघांनी आत घेतलं आणि नमुना ऐकू दिला. एकाचा बरोबर कापलेला होता. दुसऱ्याचा नव्हता, तो त्यांनी माझ्यासमोर बदलला. उरलेल्या चार कारखान्यांनी मला अजून आत घेतलेलं नाही आणि त्यांचे नमुने कोणी तपासलेले नाहीत. तोवर मी डॉक्टरांकडे जाणार नाही.